व्हरांड्यातली मराठी

“आजी, मराठीत बोलायचं असेल तर व्हरांड्यात या. वर्गात मराठी चालत नाही.”

असं म्हणून मास्तरने खडू टेबलावर ठेवला, माझ्या बाजूने वाट काढली आणि खरोखरच बाहेर जाऊन उभा राहिला. मी आत, तो बाहेर. बाकांवरची पोरं तोंडावर हात दाबून बसलेली. उभ्या बंदरात माझ्याशी असं बोलायची कोणाची छाती नव्हती. दोन होड्यांची मी नाखवीण. माझी मासळी लिलावात आली की दलाल आधी घसा साफ करायचे, मग भाव बोलायचे. आणि हा कालचा पोरगा, मिशी अजून नीट फुटली नाही, मला माझ्या भाषेसकट वर्गाबाहेर काढत होता.

“मराठीचा विटाळ होतो काय हो तुमच्या वर्गाला?” मी आतूनच विचारलं.

“विटाळ नाही, नियम आहे. सगळ्यांना सारखा. म्हणून तर मीच आधी बाहेर आलो.”

उत्तर मला आवडलं. पण आवडलेलं तोंडावर दाखवायची माझी रीत नाही. पदर खोचला आणि बाहेर आले.

वाघमोडे त्याचं आडनाव. सांगोल्याकडचा. तिकडे माणसं पाण्याच्या टँकरची वाट बघतात, आणि याची नेमणूक नेमकी समुद्राच्या तोंडावर. पहिल्या दिवशी बंदरावरून नाकाला रुमाल लावून गेला, तेव्हाच बायांनी त्याचं नाव रुमालमास्तर पाडलं होतं. नववीच्या सगळ्या तुकड्यांतली इंग्रजीत कच्ची पोरं वेचून हायस्कूलने त्याच्या ताब्यात दिली होती. शेवटच्या खोलीत रोज त्यांचा वेगळा तास. त्या तासाचे नियम माझी नात हर्षाली जेवताना सांगायची, तेव्हा मला वाटायचं, ही शाळा आहे की पोलीस ठाणं? घंटा ते घंटा फक्त इंग्रजी. चुकलात तरी चालेल, गप्प बसलात तर चालणार नाही. आत येताना दारात उभं राहून एक वाक्य बोलायचं, बाहेर पडताना एक. मोठ्याने. आठवडाभर असं बोलला नाहीत तर शनिवारी नावापुढे लाल ठिपका. तिसरा ठिपका पडला की वर्गातून नाव कमी.

हर्षालीच्या नावापुढे दोन पडले होते आणि मास्तरचा निरोप आला होता, घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन ये.

घरातलं मोठं माणूस मी. तिची आई सुगंधा बर्फाच्या कारखान्यात कामाला, आणि तशीही ती बोलण्यात मवाळ. मी दुसरीत शाळा सोडलेली, सही करताना जीभ बाहेर येते माझी. पण भांडायला जायचं तर मीच जायचं, हे आमच्या घरात ठरलेलं. आणि इंग्रजीचं मला अगदीच वावडं होतं असंही नाही. तीन शब्द माझ्यापाशीही होते, माझ्या मुलाने दिलेले. ते मी कोणाला सांगत नसे, एवढंच.

त्या वर्गातून पोरीचं नाव कमी होणं मला परवडणारं नव्हतं. तिला नर्स व्हायचं होतं. आदल्या वर्षी पाकट माशाचा काटा माझ्या तळहातात आरपार घुसला होता. दवाखान्यात सुगंधा भिंतीकडे तोंड करून रडत होती आणि ही एवढीशी पोर सिस्टरच्या शेजारी उभी राहून काटा कसा काढतात ते बघत होती. कापूससुद्धा तिनेच धरला. त्याच सिस्टरने सांगितलं होतं, नर्सिंगला घेताना इंग्रजीत विचारतात, आतापासून तयारी करा.

“हर्षाली हुशार आहे,” मास्तर व्हरांड्यात म्हणाला. “चुका करते, पण बोलते. आत येताना ‘मे आय कम इन, सर’ अगदी खणखणीत. पण तास संपला की दारात येते आणि तोंडच उघडत नाही. बाकीची आपापलं वाक्य बोलून घरी पोचतात, ही मी कंटाळून ‘जा’ म्हणेपर्यंत उभी. विचारलं तर मान खाली.”

“काय म्हणायचं असतं बाहेर पडताना?”

“मी जाते. बस, एवढंच.”

मी हसलेच. एवढ्यासाठी मला बोलावलं होतं!

“अहो मास्तर, मग ती कशी बोलेल? तो शब्द आमच्या घरात बंद आहे. होडीवर निघालेला माणूस ‘येतो’ म्हणतो आणि घरातलं माणूस ‘ये’ म्हणतं. होडी राहू दे, विहिरीवर जायचं तरी ‘येते’, दुकानात जायचं तरी ‘येते’. ही सुगंधा, हिची आई, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली तर उंबऱ्यात म्हणते, ‘आई, जाते हं.’ परत आत आणली, पाटावर बसवली, पाणी पाजलं आणि पुन्हा निघायला लावली. एसटी चुकली बाईची.”

“आमच्याकडेही ‘येतो’च म्हणतात, आजी.”

“मग झालं तर!”

“पण इंग्रजीत ‘येतो’ म्हटलं तर समोरच्याला वाटतं, हा येतोय.”

“येणारच ना परत!”

“परत येणार. पण आधी जाणार ना?”

“ते तोंडाने कशाला सांगायला हवं? पाठ दिसतेच की.”

मास्तर हसला, पण हटला नाही. मीही बाजारात आयुष्य काढलेली. थोडी उतरले. “बरं, ‘जाऊन येते’ म्हणू दे. त्याचं इंग्रजी करा तुम्ही. जाणंही आलं, येणंही आलं.”

त्याने मनातल्या मनात करून पाहिलं असावं. ओठ हलले त्याचे. मग मान हलवली. “नर्सिंगच्या मुलाखतीत असं बोलली तर लोक हसतील तिला.”

“हसू देत.”

“तुम्हाला हसलेलं चालतं का, आजी?”

मला हसलेलं चालत नाही हे उभ्या बंदराला माहीत होतं. या रुमालमास्तरला पाव तासात कळलं. मी त्याला पहिल्यांदा नीट बघितलं. सदऱ्याची कॉलर झिजलेली, बोटांना खडू, आणि डोळ्यांत मस्ती अजिबात नव्हती.

“हे बघा,” तो आवाज खाली करून म्हणाला, “तिला काढायची माझी इच्छा नाही. पण आज शनिवार, आजही ती बोलली नाही तर तिसरा ठिपका मला द्यावाच लागेल. एकीला सूट दिली की उद्या सगळीच दारात गप्प उभी राहतील. चुकणाऱ्याला मी शिकवू शकतो. गप्प राहणाऱ्याला काय शिकवू?”

हर्षाली वर्गाच्या दारात, आतल्या बाजूला उभी होती. दोन वेण्या, वर बांधलेल्या. नजर पायाच्या अंगठ्यावर. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू. वर्गातून नाव गेलं तरी चालेल, पण आजीचं वळण मोडणार नाही, असं पाणी होतं पोरीत.

“माझ्या हाताखाली वाढली आहे ती, मास्तर,” मी जरा मोठ्यानेच म्हटलं, वर्गातल्या पोरांनाही ऐकू जावं म्हणून. “मोडणार नाही.”

“पण वाक्य तरी केवढं आहे!” मास्तर आता खरंच वैतागला. “तीन शब्द. आय ॲम गोइंग.”



मैदानात आठवीची पोरं लंगडी खेळत होती. त्यांचा गलका एकदम लांब गेल्यासारखा वाटला.

“परत बोला,” मी म्हटलं.

“आय ॲम गोइंग. मी जातो. किंवा जाते, बाईमाणूस असेल तर...”

“आज्ये, घरी चल,” हर्षाली दारातून म्हणाली.

“हर्षाली, इंग्लिश,” मास्तर सवयीने बोलून गेला.

“चल ना गो आज्ये. मला नकोच हा वर्ग. मी दुसरं काहीतरी करीन. चल तू.”

माझा मुलगा जयवंत. एकच. होडीवर त्याचं मन कधी रमलं नाही. त्याला मोठ्या जहाजावर, आखातात जायचं होतं. त्यासाठी मुंबईला मावशीकडे राहून इंग्रजी शिकून आला. निघायच्या दिवशी अख्खी वाडी आमच्या अंगणात. नवे बूट, नवी बॅग. हर्षाली तेव्हा पहिलीत, बापाच्या बुटाची नाडी धरून बसलेली. जयवंत उंबऱ्यावर उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत तीच लहानपणची खोडी, आणि ऐटीत इंग्रजीत बोलला, “आय ॲम गोइंग, आये!”

सगळे हसले. मीही हसले. “मेल्या, आतापासूनच साहेब झालास होय!” असं म्हटलं. अर्थ कोणाला विचारला नाही. विचारायचं काय त्यात? उंबऱ्यात उभा राहून माझा मुलगा आणखी दुसरं काय म्हणणार? साहेब लोकांच्या भाषेत ‘येतो’ असंच म्हणत असतील, हे मी धरून चालले. आणि मी त्याला म्हटलं, “ये.”

वर्षभर फोन आले. मग सणासुदीला. मग तेही थांबले. पलीकडच्या बंदरातला एक खलाशी सुट्टीवर आला, त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं की जयवंत बरा आहे, तिकडे त्याचं घर झालंय, मूल आहे. समुद्राने नेला असता तर किनाऱ्यावर बसून रडले असते आणि उठले असते. याच्यासाठी रडायचं कुठे बसून? सुगंधाने कपाळ मोकळं केलं नाही आणि मी तिला तसं करू दिलं नाही. कारण एक गोष्ट मी घट्ट धरून ठेवली होती. जाताना तो ‘येतो’ म्हणाला होता. मी ‘ये’ म्हटलं होतं. उंबऱ्यावर झालेलं बोलणं होतं ते.

घरात कोणी नसलं की चुलीपाशी भाकरी थापताना मी ते तीन शब्द हळूच म्हणायची. माझ्या जिभेला जमतील तसे. आयम् गोइन. दुसऱ्या बाया देवाचं नाव घेतात तसे.

“केव्हा कळलं तुला?” मी हर्षालीला विचारलं. ती आत, मी बाहेर, मध्ये उंबरा.

“पहिल्याच दिवशी. सरांनी फळ्यावर लिहून अर्थ सांगितला तेव्हा.”

“मग मला का नाही बोललीस?”

तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या, जयवंतच्या थरथरायच्या तशाच.

“तू म्हणतेस ना ते,” ती म्हणाली, “चुलीपाशी.”

मास्तरला यातलं काय कळलं कोण जाणे. पण त्याने या वेळी ‘इंग्लिश’ म्हटलं नाही. खिशातून तो प्रसिद्ध रुमाल काढला आणि हातातच धरून उभा राहिला.

मला वाटलं होतं, पोर माझं वळण सांभाळते आहे. पोर मला सांभाळत होती. रोज तास संपल्यावर दारात उभी राहून, पोरांचं हसू ऐकून, ठिपके घेऊन. वर्गात तो शब्द बोलायची सवय लागली आणि एखाद्या दिवशी घरी माझ्यासमोर तोंडातून निसटला, आजीने अर्थ विचारला, तर? म्हणून तिने तोंडच शिवून टाकलं होतं. नर्सिंग गेलं तरी चालेल.

संताप आला मला. जयवंतचा नाही, तो जुना होता. संताप याचा आला की एक माणूस हसत हसत तीन शब्द टाकून गेला आणि माझ्या घरातल्या दोन बायका त्या शब्दांत अडकून राहिल्या. एक न कळून, एक कळून.

मी चपला काढल्या आणि वर्गात शिरले.

“आजी, आत मराठी...” मास्तर मागून म्हणाला.

“ठाऊक आहे. मराठी बोलायला चालले नाही मी.”

टेबलाशी जाऊन मी पोरांकडे तोंड करून उभी राहिले. निम्म्यांच्या बापांना मी उघडं फिरताना पाहिलेलं, सगळी ओळखीची तोंडं. शेवटच्या बाकावर चोगल्यांचा पोर हसायच्या तयारीत होता, त्याच्याकडे एकदा बघितलं. तयारी मोडली त्याने. मग मी दाराकडे वळले आणि लिलावात लावते तो आवाज लावला.

“आय ॲम गोइंग!”

मला वाटलं होतं, घशात अडकेल. अडकलं नाही. इतकी वर्षं सराव होता.

उंबरा ओलांडला. व्हरांड्यात मास्तर बाजूला झाला. पायऱ्या उतरून मैदानात आले, लंगडीवाल्या पोरांमधून चालत पार झेंड्याच्या खांबापर्यंत गेले. अनवाणी. वाळू तापलेली होती. खांबाला हात लावला, गार वाटला. मागे वळून पाहिलं तर वर्गाच्या सगळ्या खिडक्यांना डोकी लागलेली आणि दारात माझी पोर, दोन्ही हातांनी चौकट धरून.

तशीच परत आले. दारात पोचले आणि अडकले. आत यायचं वाक्य मला येत नव्हतं. मास्तर माझ्याकडे बघत होता. नियम सगळ्यांना सारखा. मग हर्षालीचे ओठ हलले, अगदी हळू.

“मे आय कमिन,” मी म्हटलं.

मास्तर दारात आला, ताठ उभा राहिला आणि साहेबाला देतात तसं उत्तर दिलं मला. “येस. प्लीज, कम इन.”

मी आत नाही गेले. व्हरांड्यातच थांबले, कारण मला मराठी बोलायचं होतं.

“गेले होते. आले,” मी हर्षालीला म्हटलं. “आता तू.”

“आज्ये...”

“बापाचं वाक्य नाही ते. मास्तरचंही नाही. आत्ता मी बोलले, आता माझं आहे. बोल.”

तिने चौकट सोडली. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही, नुसती हवा आली. चोगल्यांचा पोर मागून म्हणाला, “कम ऑन, हर्षाली!” आणि मास्तरने त्याला चक्क शाबासकी दिली, इंग्रजीत बोलला म्हणून. त्यावर पोरं हसली आणि त्या हशात ती बोलून गेली. “आय ॲम गोइंग, सर.” आणि धावत सुटली.

खांबापाशी थांबेल असं मला वाटलं. थांबली नाही. पाण्याच्या हातपंपाच्या पलीकडे, शाळेच्या मागे दिसेनाशी झाली. मी बघत राहिले. वाट बघायची मला सवय आहे, कपाळावर हात धरून बघायची. मास्तर काहीतरी बोलायला गेला, मी हाताने गप्प केलं त्याला. पोरं बाकांवर परत बसली तरी मी बघतच होते. होडी वळसा घालून यायला लागली की आधी डोलकाठी दिसते, मग शीड. तशा आधी दोन वेण्या दिसल्या.

तोंड पंपावर धुऊन आली होती. सगळा फ्रॉक भिजलेला.

“मे आय कम इन, सर?”

मास्तरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “ये.”

तिसरा ठिपका पडला नाही. मास्तर पुढे तीन-चार वर्षं आमच्याकडे होता. बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला बंदरावर आला तो रुमाल न लावता आला, आणि ‘येतो, आजी’ म्हणाला. त्या दिवसानंतर चुलीपाशी मी ते शब्द कधी म्हटले नाहीत. गरजच राहिली नाही. कळलेला शब्द काय, कुठेही बोलता येतो.

हर्षालीला नर्सिंग मिळालं. मुलाखतीत त्यांनी तिला काय विचारलं, तिने काय सांगितलं, मला कळणार नव्हतं म्हणून मी विचारलं नाही. आधी रत्नागिरी, मग पुणं, मग साता समुद्रापलीकडचं एक थंड गाव. तिकडे जायला निघाली त्या दिवशी पुन्हा अख्खी वाडी अंगणात. पुन्हा नवे बूट, नवी बॅग. उंबऱ्यावर उभी राहिली आणि मला दिसलं, ती शब्द निवडते आहे. सुगंधाने पदराचा बोळा तोंडात धरलेला.

“येते गो आज्ये,” ती म्हणाली.

“नीट बोल,” मी म्हटलं. “मास्तरने शिकवलंय तसं. जायचं आहे ना?”

माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. “आय ॲम गोइंग, आज्ये.”

“जा,” मी म्हटलं.

आयुष्यात कोणाला उंबऱ्यावर ‘जा’ म्हटलं नव्हतं. वाडीतल्या म्हाताऱ्या कुजबुजल्या. कुजबुजू देत.

दर शिमग्याला येते. गाडीचा आवाज मला वळणावरच कळतो, पण मी उठत नाही. बॅग अंगणात टाकते, बूट काढते आणि आईला हाक न मारता दारात येऊन ताठ उभी राहते, चौकटीला हात न लावता.

“मे आय कम इन?”

मी तिला थोडी उभीच ठेवते. नियम म्हणजे नियम. डोळे भरून बघून घेते, वाळली की भरली. मग म्हणते, “येस.”